चारशे बंद पाकिटं

पीएचडी करणाऱ्या माणसाला आयुष्यात दोनच प्रश्न विचारले जातात. पहिली दोन वर्षं, "विषय काय?" आणि त्यानंतर कायम, "संपलं का?" भाचीचं पाचवं वर्ष चालू होतं, त्यामुळे ती केव्हाच दुसऱ्या प्रश्नात जाऊन पोचली होती. शेजारी विचारत. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणी विचारत. दातांचा डॉक्टर तर तिच्या तोंडात हत्यार घालून झाल्यावर विचारी, म्हणजे उत्तर द्यायची सोयच नाही. आईनं विचारायचं सोडून दिलं होतं. ती परस्पर सगळ्यांना "संपत आलंय" असं सांगून मोकळी होत होती.

विचारत नसे तो एकटा मामा. त्याचं बटणांचं दुकान होतं. भाची दुकानात डोकावली की तो चष्म्यावरून बघून म्हणे, "या डॉक्टरीणबाई! स्टूल आहे, बसा जरा." आणि ती म्हणे, "नको रे मामा, घाईत आहे." हे इतक्या वेळा झालं होतं की ते स्टूल आता बटणांचे खोके ठेवायच्या कामी आलं होतं.

बिझनेस स्कूलमधली मार्केटिंगची पीएचडी म्हणजे काय, हे घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं. आईला वाटे, मुलगी जाहिराती शिकते. मामीला वाटे, ती लोकांना फॉर्म भरायला लावते, आणि यात मामीचं फारसं चुकत नव्हतं. भाची आधी एका साबणाच्या कंपनीत होती. चांगली नोकरी, केबिन, हाताखाली सहा माणसं. पण साबण विकता विकता तिला एका प्रश्नानं पछाडलं: एकदा आलेलं गिऱ्हाईक परत का येतं? एकतिसाव्या वर्षी तिनं नोकरी सोडली आणि या प्रश्नाच्या मागं लागून ती परत विद्यार्थिनी झाली. तिच्या वर्गातली बाकीची पोरं तिला ताई म्हणत.

तिच्या गाईड मॅडमना विद्यार्थी पाठीमागं 'कात्री' म्हणत. शंभर पानं नेऊन द्यावीत तर पंधरा दिवसांनी साठ परत मिळत, आणि त्या साठांवरही लाल रेघा. पण मॅडमचा हात जिच्यावर फिरे तिचं काम पक्कं होई, हेही सगळे मान्य करत. भाचीच्या प्रबंधात तीन प्रयोग होते. पहिला प्रयोगशाळेतला, दुसरा इंटरनेटवरचा. दोन्ही बरे होते. बरे म्हणजे कुणी मान डोलावली नसती आणि कुणी दारही दाखवलं नसतं. सगळी मदार होती तिसऱ्यावर. तो खऱ्या दुकानात, खऱ्या गिऱ्हाइकांवर करायचा होता.

प्रयोग म्हणाल तर अगदी साधा. दुकानदारानं स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी मिळाली तर गिऱ्हाईक परत यायची शक्यता वाढते का? की छापील चिठ्ठीनंही तेच होतं?

"एवढंच ना?" मामा तेव्हा म्हणाला होता. "मला विचारलं असतंस तर आत्ता सांगितलं असतं. पाच वर्षं कशाला घालवलीस?"

"तू सांगून चालत नाही. सिद्ध करावं लागतं."

"बरं बाई, करू सिद्ध. काय करायचं ते सांग."

मामाचं दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्या दोन्ही भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतलं एक बटण दोऱ्यानं शिवलेलं, म्हणजे नाव लिहायची गरज नाही. शिंगाची, शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, कापड मढवलेली आणि प्लॅस्टिकची तर ढिगानं. येणारी माणसं दोन तऱ्हांची. एक शिंपी, जे वर्षानुवर्षं येत आणि काउंटरवर कोपर टेकून बोलत उभे राहत. दुसरी वाटेनं जाणारी, ज्यांच्या कोटाचं एक बटण हरवलंय आणि तस्संच दुसरं हवंय अशी.

मामाची एक खुबी सगळ्या बाजाराला माहीत होती. डोळे मिटलेल्या मामाच्या हातात बटण ठेवा, तो सांगणार कशाचं आहे. लहानपणी भाचीनं शंभरदा हा खेळ खेळला होता. "शिंपल्याचं गार लागतं आणि गारच राहतं," तो सांगे. "प्लॅस्टिक लगेच कोमट होतं. शिंगाला बारीक रेघा असतात, नखाला लागतात." आणि मग छाती काढून म्हणे, "चाळीस वर्षांत प्लॅस्टिकला शिंग म्हणून कुणाच्या गळ्यात मारलं नाही. गिऱ्हाइकाला कळत नसलं तरी मला कळतं ना!"

तर अशा माणसाच्या हातात भाचीनं चारशे बंद पाकिटं दिली.

दोनशे कार्डांवर मामानं स्वतः लिहिलं होतं. मजकूर एकच: आमच्या दुकानात आलात, बरं वाटलं. परत या. येताना हे कार्ड आणलंत तर दोऱ्याचं एक रीळ आमच्याकडून. उरलेल्या दोनशेंवर हाच मजकूर छापलेला. सगळी एकाच जाडीची, एकाच आकाराची. जाड तपकिरी कागदाच्या पाकिटांत घालून, चिकटवून, संगणकानं ठरवलेल्या क्रमानं एकावर एक रचलेली. पाकिटावर फक्त नंबर. एक ते चारशे. कुठल्या नंबरात काय आहे त्याची यादी भाचीच्या कपाटात.

"वरचं पाकीट उचलायचं, येईल त्या गिऱ्हाइकाला द्यायचं," तिनं मामाला बजावलं. "माणूस बघून द्यायचं नाही. तुलाही कळता कामा नये आत काय आहे."

"कळून न कळल्यासारखं करायचं, एवढंच ना," मामा म्हणाला. भाची हसली. तिला वाटलं, विनोद केला.

पाकिटांतलं दिसू नये म्हणून तिनं जिवाचा आटापिटा केला होता. एकेक पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून बघितलं. मॅडमनी खिडकीच्या उन्हात धरून बघितलं. विभागातल्या दोघांना बोलावून त्यांच्याकडूनही बघून घेतलं. काही म्हणता काही दिसत नव्हतं. मॅडम चक्क "छान" म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं विभागात बोटांवर मोजण्याइतकी होती.

प्रयोग चालू असताना दुकानात बसायचं नाही, हा भाचीनं स्वतःच केलेला नियम. संशोधक समोर असला की माणसं वेगळं वागतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं. शिवाय तिला वेळ कुठं होता? मामी गल्ल्याच्या बाजूला बसून एका वहीत दिलेल्या पाकिटाचा नंबर आणि तारीख लिहून ठेवी. परत आलेली कार्डं बिस्किटांच्या डब्यात पडत. आठवड्यातून एकदा मामी वहीच्या पानांचे फोटो भाचीला फोनवर पाठवी. झालं संशोधन.

तीन महिन्यांनी डबा उघडला. हातानं लिहिलेल्या दोनशेंपैकी एकशे अठरा कार्डं परत आली होती. छापील दोनशेंपैकी एकसष्ट. जवळजवळ दुप्पट! मार्केटिंगमध्ये असा निकाल क्वचित हाती लागतो. तिथं लोक दोन टक्क्यांच्या फरकावर जन्म काढतात. मॅडमनी आकडे तीनदा बघितले, चष्मा काढून पुसला, चौथ्यांदा बघितले. मग त्या उठून विभागप्रमुखांकडे गेल्या आणि महिन्याभरात भाचीला कळलं की विभागात एक असिस्टंट प्रोफेसरची जागा आहे, ती तिला मिळू शकते. अट एकच. हे सत्र संपायच्या आत पीएचडी हातात हवी. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

एक गोष्ट तेवढी राहिली होती. मामीच्या वहीत नंबर सरळ ओळीनं नव्हते. एकेचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, मग त्रेचाळीस, मग पंचेचाळीस. पुढं पुढं तर बरंच मागंपुढं. भाचीनं ते पाहिलं. गर्दीत गठ्ठा पडला असेल, तिला वाटलं, उचलताना उलटापालट झाली असेल. मामाला फोन करून विचारायला दोन मिनिटं लागली असती. तिनं विचारलं नाही. तिनं प्रबंधात तळटीप टाकली, क्रमांक सतरा: 'गर्दीच्या वेळी पाकिटांच्या क्रमात किरकोळ फरक झाला. निष्कर्षावर त्याचा परिणाम संभवत नाही.' कात्रीनं सगळ्या पानांवर लाल रेघा मारल्या, पण या दोन ओळी तशाच ठेवल्या.

व्हायवाच्या, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या, चार दिवस आधी, सकाळी, ती दुकानात गेली. काम किरकोळ होतं. पहिल्या स्लाइडवर टाकायला दुकानाचा एक चांगला फोटो हवा होता.

"स्टूल आहे, बस," मामा म्हणाला आणि खोके उचलायला लागला.

"राहू दे मामा, दोन मिनिटांचं काम आहे. तू तुझं चालू ठेव. मी नाहीच असं समज."

प्रयोग संपून चार महिने झाले होते, पण चारशेंच्या वर बनवून ठेवलेली चाळीसेक जादा पाकिटं उरली होती आणि मामा ती अजून वाटत होता. गिऱ्हाइकांना आवडतात म्हणे. भाचीनं फोन आडवा धरला आणि फोटोऐवजी छोटासा व्हिडिओच काढावा असं तिच्या मनात आलं. दुकानदार पाकीट देतोय, गिऱ्हाईक घेतंय. छान दिसेल.

एक म्हातारा शिंपी आला. कोपर टेकून उभा राहिला. मामानं त्याला बटणं दिली, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मामाचा हात पाकिटांच्या गठ्ठ्याकडे गेला. अंगठा वरच्या पाकिटावरून एकदा फिरला. ते पाकीट गठ्ठ्याखाली गेलं. दुसऱ्यावरून अंगठा फिरला, तेही खाली. तिसऱ्यावर अंगठा थांबला. ते त्यानं शिंप्याला दिलं. हे सगळं बोलता बोलता, शिंप्याच्या सुनेची चौकशी करता करता.

मग एक घाईतला माणूस आला. कोटाचं एक बटण हवं होतं, मिळालं. अंगठा वरच्या पाकिटावरून फिरला आणि तेच त्याच्या हातात पडलं.

भाचीनं फोन खाली केला.

"मामा, हे काय करतोस?"

"काय करतो?"

"पाकिटं. खाली का घातलीस?"

"ती छापील होती," मामा म्हणाला. जसं काही बाहेर ऊन आहे असं सांगावं.

"तुला कसं कळलं?"

मामा हसला. हात पुढं करून त्यानं तिला अंगठा दाखवला. "अगं, मी पेन दाबून लिहितो. लहानपणापासून खोड आहे, मास्तर ओरडायचे. कार्डाच्या पाठीमागं अक्षरं उठतात. पाकिटातूनसुद्धा लागतात हाताला. छापील कसं, गुळगुळीत. हे बघ, लाव हात."

भाचीनं पाकिटावरून हात फिरवला. तिला काहीच लागलं नाही. दुसऱ्यावरून फिरवला. दोन्ही तिला सारखीच लागली.

"तेव्हाही असंच केलंस? चारशेच्या चारशे?"

"मग काय! वीस वर्षं येणाऱ्या शिंप्याला छापील कार्ड देऊ? काय वाटेल त्याला? ओळखीच्या माणसाला हातानं लिहिलेलं, वाटेनं जाणाऱ्याला छापील. माणूस बघून द्यायचं नाही असं तू म्हणाली होतीस, पण ते तू म्हणणारच, तू कधी दुकानात बसली आहेस का?" आणि मग तो जरा पुढं वाकून, गुपित सांगावं तसा म्हणाला, "शिवाय तुलाही हवं होतं ना, लिहिलेली कार्डं परत यावीत? आली की नाही? उगाच नाही आली, डॉक्टरीणबाई."

मामीनं गल्ल्यावरून मान डोलावली. दोघांचे चेहरे असे खुलले होते की बघवत नव्हतं. काय सांगणार होती ती? की जी माणसं येणारच होती तीच आली? की तुझ्या अंगठ्यानं माझी पाच वर्षं पुसून टाकली? तिनं फोटोसुद्धा काढला नाही. "व्हायवाला येतोस ना?" एवढंच ती म्हणाली, आणि तेही तोंडातून कसं निघालं तिला कळलं नाही.

"म्हणजे काय! कोटाला नवीन बटणं लावलीत मी," मामा म्हणाला. "शिंगाची."

तशीच ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावर सत्राचं वेळापत्रक होतं, त्याच्याकडे बघत राहिल्या.

"तळटीप आहे ना?" शेवटी त्या म्हणाल्या.

"आहे."

"मग आपण काही लपवलेलं नाही. क्रम बदलला हे आपण लिहिलंय."

"का बदलला ते नाही लिहिलेलं."

"तुला ते तेव्हा माहीत नव्हतं." मॅडमनी लाल पेनाचं टोपण उघडलं, परत लावलं. "हे बघ, विचारलं तर उत्तर दे. नाही विचारलं तर आपण होऊन कशाला? जागा एकदा गेली की गेली."

मॅडम काही वाईट नव्हत्या. त्यांनी पाच वर्षं या पोरीच्या मागं घासली होती, आणि निवृत्त व्हायच्या आधी एक तरी काम असं व्हावं की लोकांनी नाव काढावं, असं त्यांनाही वाटत होतं. यात चूक काय? माणसाला वाटतंच. भाची चार दिवस घरात फिरत राहिली. जेवण गेलं नाही, झोप लागली नाही, आणि निर्णय म्हणाल तर तोही झाला नाही. विचारलं तर सांगू, असं ती मनाशी म्हणत राहिली. आणि विचारू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडत राहिली.

व्हायवा जाहीर असतो, कुणीही येऊन बसू शकतं. सहसा कुणी येत नाही. त्या दिवशी मागच्या रांगेत पाच-सहा विद्यार्थी होते आणि त्यांच्या शेजारी मामा-मामी. मामानं कोट घातला होता आणि बटणं गळ्यापर्यंत लावली होती. पुढं मॅडम, विभागप्रमुख आणि बाहेरून आलेले परीक्षक. परीक्षक वयस्कर, किडकिडीत, आवाज इतका बारीक की पंखा बंद करावा लागला.

भाचीनं पाऊण तास छान बोलून घेतलं. हे तिला जमत असे. साबणाच्या कंपनीत तिनं याहून कठीण लोकांसमोर बोलून दाखवलं होतं. टेबलावर नमुना म्हणून दहा जादा पाकिटं मांडली होती. एकशे अठरा आणि एकसष्टची स्लाइड आली तेव्हा विभागप्रमुख पुढं वाकले. मागं मामानं मामीला कोपरानं ढोसलं.

परीक्षकांनी प्रबंध उघडला. त्यात एका पानाला कागदाचा कपटा लावलेला होता.

"तळटीप सतरा," ते म्हणाले. "हा जो क्रम बदलला, तो कसा? वाटणाऱ्याला आतलं कळत होतं का, एवढंच मला हवंय."

आला प्रश्न. अगदी जसाच्या तसा. मॅडम तिच्याकडे बघत होत्या.

"पाकिटं पूर्ण बंद होती, सर," भाची म्हणाली. "जाड कागदाची. उजेडात धरूनही आतलं दिसत नाही. आम्ही चौघांनी तपासलंय."

शब्द न् शब्द खरा होता. मॅडमनी श्वास सोडला. परीक्षकांनी मान हलवून कपटा काढायला हात घातला, आणि मागच्या रांगेत कुणीतरी हात वर केला.

"साहेब, मी दुकानदार," मामा उभा राहून म्हणाला. "बोललं तर चालेल का?"

परीक्षकांना गंमत वाटली. "बोला ना."

"दिसत नाही हे बरोबर आहे. पण कळतं. यावरून वाटेल मी डोळे मिटून पाकिटं वाटली. तसं नाही साहेब, एक एक पाकीट हातानं बघून, योग्य माणसाला दिलंय. कामात कुचराई केलेली नाही. तेवढं लिहून घ्या."

भाचीला एकाएकी टेबलाची कड घट्ट धरावीशी वाटली, आणि तिनं धरली.

"हातानं कळतं?" परीक्षक म्हणाले. "इकडे या पाहू."

त्यांनी टेबलावरची दहा पाकिटं उचलली, पाठमोरे होऊन नीट पिसली आणि एकेक करून मामासमोर ठेवायला सुरुवात केली. मामानं सवयीनं डोळे मिटले. पहिल्यावरून अंगठा फिरवला. "हातानं लिहिलेलं." परीक्षकांनी फोडलं. हातानं लिहिलेलं. दुसरं, "छापील." छापील. तिसरं, चौथं बरोबर. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा मामीकडे बघून हसला. पाचवं बरोबर. मामी आजूबाजूच्यांना सांगत होती, बटणांचंही असंच आहे यांचं. सहावं बरोबर.

सहाव्याला कुणी टाळी वाजवली नाही. विद्यार्थीही मार्केटिंगचेच होते. त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. मामानं डोळे उघडले आणि कौतुकासाठी भाचीकडे बघितलं.

चाळीस वर्षं काउंटरपलीकडचे चेहरे वाचलेला माणूस. त्याला तळटीप कळत नव्हती, निष्कर्ष कळत नव्हता, पण समोरच्याचं काहीतरी कायमचं जातंय हे कळायला त्याला वेळ लागला नाही. त्यानं मॅडमकडे बघितलं, परीक्षकांकडे बघितलं, परत भाचीकडे बघितलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं.

सातवं पाकीट आलं. मामाचा अंगठा फिरला, मधोमध थांबला. "छापील," तो म्हणाला.

परीक्षकांनी फोडलं. हातानं लिहिलेलं होतं.

"अरेच्चा," मामा म्हणाला. "चुकलं."

आठवं चुकलं. नववं चुकलं. मॅडम ताठ बसल्या. विभागप्रमुख खुर्चीत मागं रेलले. "गंमतच आहे," परीक्षक बारीक आवाजात म्हणाले. "हे शेवटचंही चुकलं तर दहात सहा. नाणं उडवूनसुद्धा एवढे सहज येतात. म्हणजे कळत नाही असंच म्हणावं लागेल."

"वय झालं साहेब," मामा म्हणाला. "बोटं गेली. उगाच बढाई मारली मी."

दहावं पाकीट त्याच्यासमोर आलं. भाची त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा फिरला आणि कार्डाच्या पाठीवर जिथं अक्षरं उठतात तिथं थांबला, जसा दुकानात थांबला होता, जसा सातव्यावर थांबला होता. तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं. प्लॅस्टिकला शिंग म्हणून कधी न विकलेला माणूस भर सभेत, नवी बटणं लावलेला कोट घालून, तिच्यासाठी खोटं बोलत होता. आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं.

"छापील," मामा म्हणाला.

परीक्षकांनी पाकीट उचललं.

"मामा," भाची म्हणाली. "खरं सांग."

"छापीलच आहे गं."

"मामा, तुझा हात चुकत नाही. मला माहीत आहे. चार दिवस झाले, मला माहीत आहे. सांग."

मामानं मान खाली घातली. अंगठ्यानं कोटाचं एक बटण चाचपत राहिला.

"हातानं लिहिलेलं," तो म्हणाला.

परीक्षकांनी पाकीट फोडलं नाही. तसंच टेबलावर ठेवलं आणि प्रबंध मिटला.

निकाल अर्ध्या तासानं लागला. तिसरा प्रयोग बाद, नव्यानं करायचा, एक वर्षानं परत सादर करायचं. परीक्षकांनी जाताना तिला नमस्कार केला, जो ते सहसा विद्यार्थ्यांना करत नसावेत. जागा पुढच्या आठवड्यात यादीतल्या दुसऱ्या माणसाला गेली. मॅडमनी तिचा प्रबंध परत दिला तेव्हा तळटीप सतरावर एक लाल रेघ होती.

बाहेर पायऱ्यांवर मामा उभा होता. मामीला त्यानं पुढं पाठवलं होतं. कोट काढून हातावर घेतला होता.

"मी बुडवलं तुला," तो म्हणाला.

"नाही रे. वहीतले नंबर मागंपुढं आहेत, ते मला तेव्हाच दिसलं होतं. तुला एक फोन केला असता तर त्याच दिवशी कळलं असतं."

"मग केला का नाहीस?"

भाची पायरीवर बसली. पाच वर्षांत असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "कळून घ्यायचं नव्हतं मला," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही. मामा शेजारी बसला. तिच्या पाठीवर हात ठेवायचा का नाही हे त्याला ठरवता येईना. मग त्यानं ठेवला.

बऱ्याच वेळानं ती नाक पुसून म्हणाली, "परत करायचाय प्रयोग. दुसरं दुकान शोधावं लागेल."

"का? माझ्या दुकानाला काय झालं?"

"तुझ्या बोटांचं काय करू?"

"हातमोजे घालतो," मामा म्हणाला. "नाहीतर मामी पाकिटं वाटेल, तिला रीळ आणि बटण यातला फरक कळत नाही." मग तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "पण या वेळी तू समोर बसायचंस. तुझं पुस्तक काय म्हणतं ते मला सांगू नकोस."

"बसेन."

"रोज."

"रोज बसेन, मामा."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा खोके खाली जमिनीवर होते आणि स्टूल पुसून काउंटरजवळ ठेवलेलं होतं. ती बसली.